अंकुशकृमी, ओव्याचे फूल आणि गोरेगावची प्रयोगशाळा

बाळाच्या पोटदुखीपासून आजोबांच्या अजीर्णापर्यंत महाराष्ट्रीय घरात ज्या ओव्यावर भिस्त असते, त्याच ओव्यापासून निघणाऱ्या स्फटिकांना आपण ओव्याचे फूल म्हणतो आणि रसायनशास्त्रज्ञ थायमॉल म्हणतात. १८८० च्या सुमारास इटलीत हे थायमॉल अंकुशकृमीवर देण्यास प्रारंभ झाला व पुढे कित्येक वर्षे त्या रोगावरील ते प्रमुख औषध होऊन बसले. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यासाठी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीस जात असे. आपल्या फोडणीच्या डब्याचा हा सन्मान सुखावणारा खरा. परंतु चिमूटभर ओवा निराळा आणि कृमी मारण्याइतके थायमॉल निराळे. ती मात्रा रोग्यालाही जड जाई.

हा कृमी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. ओलसर मातीतील त्याची अळी अनवाणी पावलाची कातडी भेदून शरीरात शिरते, रक्तावाटे फुप्फुसांत जाते, तेथून घशात येऊन गिळली जाते व लहान आतड्यात स्थिरावते. तेथे आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन तो वर्षानुवर्षे रक्त पितो. रोगी एकाएकी मरत नाही. पांढराफटक पडतो, थकतो, आणि भोवतालचे लोक त्याला आळशी म्हणून मोकळे होतात. आजही जगात कोट्यवधी माणसे ह्या कृमीला पोसत आहेत, असा अंदाज आहे.

आपण सिंगापूरवासी ज्या भूभागात राहतो, त्याचा ह्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. समोरच्या सुमात्रा बेटावर, देली प्रांतातील मळ्यांच्या मजुरांवर, शुफनर व फेरफोर्ट ह्या डॉक्टरांनी चेनोपोडियम नावाच्या वनस्पतीचे तेल वापरून पाहिले. त्यानंतर १९१५ ते १९१७ ह्या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या वतीने डॉ. सॅम्युएल डार्लिंग व त्यांचे सहकारी मलाया, जावा आणि फिजी येथे आले. औषध द्यावयाचे, नंतर रोग्याचा सर्व मल धुऊन चाळून पडलेले कृमी एकेक मोजावयाचे, अशी त्यांची रीत होती. ह्या मोजणीत चेनोपोडियमचे पारडे थायमॉलहून जड ठरले. काम शास्त्रशुद्ध होते, ह्यात संशय नाही. तथापि त्या तेलाची मात्रा थोडी चुकली तर जिवावर बेते, आणि ती पारखली गेली घर सोडून मोलमजुरीस आलेल्या माणसांच्या देहावर, ही गोष्ट विसरता येत नाही.

मग आधी प्राण्यांवर प्रयोग का केले नाहीत, असे कोणी विचारील. अडचण अशी की माणसाचा अंकुशकृमी फार चोखंदळ असतो. नेकेटर अमेरिकॅनस ही जात तर उंदीर, ससा वगैरे प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्राण्यांत नीट वाढतच नसे. अमेरिकेत मॉरिस हॉल ह्यांनी १९२१ साली कार्बन टेट्राक्लोराइडची परीक्षा कुत्र्यांवर, म्हणजे कुत्र्यांच्या निराळ्या अंकुशकृमीवर केली आणि मग ते द्रव्य स्वतः पिऊन पाहिले. हे धैर्य वंदनीय असले, तरी पुढे त्या द्रव्याने यकृताला अपाय होतो असे दिसून आले.

ही कोंडी फुटण्यास मोठा हातभार लावला तो आपल्या मुंबईने. गोरेगाव येथे १९६३ साली सीबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. तेथील एच. जी. सेन व डी. सेठ ह्यांनी १९६७ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात जाहीर केले की, सोनेरी हॅमस्टर ह्या उंदरासारख्या, आखूड शेपटीच्या प्राण्यात नेकेटर अमेरिकॅनसची वाढ पूर्णत्वास जाते. वार्ता दिसावयास लहान. पण माणसाच्याच कृमीवर औषध पारखण्यासाठी आता माणूसच हवा, अशी गरज उरली नाही.

अशा परीक्षेची पद्धत मोठी चिकाटीची आहे. प्रथम काचेच्या ताटलीत अळ्या किंवा प्रौढ कृमी ठेवून त्यांवर द्रव्य घालतात व त्यांची हालचाल मंदावते का, हे सूक्ष्मदर्शकातून पाहतात. तेथे उतरलेले द्रव्य कृमिग्रस्त हॅमस्टरला पाजतात. काही दिवसांनी आतडे उघडून उरलेले कृमी मोजतात, आणि औषध न दिलेल्या प्राण्यांतील संख्येशी ताडून पाहतात. ताटलीत यमदूत वाटणारे द्रव्य पोटात निष्प्रभ ठरते, असे पुष्कळदा घडते.

गोरेगावलाच ॲमोस्कॅनेट ह्या द्रव्याची अशी कसोटी लागली; सेन व देब ह्यांनी १९८१ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अंकुशकृमीवर ते अत्यंत प्रभावी होते. परंतु यकृताला धोका व इतर विषारी परिणाम ह्यांची शंका आल्याने ते मागे पडले. ह्याला अपयश म्हणावे, असे मला वाटत नाही. चेनोपोडियमच्या बाबतीत जो धोका मजुरांनी पत्करला, तो ह्या खेपेस आधीच ओळखला गेला.

आज भिस्त आहे ती मुख्यतः अल्बेंडाझोलवर. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी बालकांना ह्याच गोळ्या देतात. मात्र कायझर व उटझिंगर ह्यांनी २००८ साली अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा एका मात्रेने पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण अल्बेंडाझोलने ७२ टक्के, तर मेबेंडाझोलने अवघे १५ टक्के आढळले. म्हणजे नव्या औषधांची निकड आहेच. सीबाची वारस नोव्हार्टिस कंपनी; तिने २००२ साली आपल्या सिंगापुरात उष्णकटिबंधीय रोगांची संशोधनसंस्था काढली. तिचा भर डेंगी, क्षय व मलेरिया ह्यांवर होता, आणि पुढे ती कॅलिफोर्नियास गेली. गरिबाच्या पोटातील कृमीसाठी भांडवल सहजासहजी उभे राहत नाही. तरीही बाझेल येथे हॅमस्टरांवरील परीक्षा चालूच राहिल्या, आणि मांजरांच्या जंतांवर दिले जाणारे इमोडेप्साइड हे औषध टांझानियातील पेंबा बेटावर माणसांना देऊन पाहण्यात आले. त्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले आहेत.