बालाघाट ते नागपूर : एका वाटेचा मागोवा

1867 साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे मुलुख जोडून बालाघाट जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे त्याचा कारभार आणि त्याचे दुखणे या दोहोंचे तोंड नागपूरकडेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून गोंदियापर्यंत छोटी लाईन आली, आणि 1947 मध्ये नागपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर तर आजारी लेकरू कोठे नेले या प्रश्नाला ‘मेडिकलला’ एवढे उत्तर पुरू लागले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात घातले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. हुकूम भोपाळहून सुटू लागले. परंतु ज्या बालकाच्या हृदयाला जन्मतःच छिद्र आहे, त्याला या सरहद्दीचे काय होय! भोपाळ चारशे किलोमीटरांहून दूर, जबलपूर दोनशेंच्या पलीकडे, आणि त्यांतल्या त्यात जवळचे नागपूरही पावणेदोनशेंच्या आसपास. शिवाय जिल्ह्यातल्याच बैहरच्या पठारावरील बैगा आदिवासी मातेला आधी घाट उतरून साठ-सत्तर किलोमीटरांवरचे बालाघाटच गाठावे लागते. तेथे चिठ्ठी मिळाली की पुढचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि घरी शेजारणीच्या भरवशावर ठेवलेली धाकटी मुले, हा सारा हिशेब तिचा तिनेच करावयाचा.

मध्यंतरी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून मुले तपासू लागली. 2018 मध्ये आलेले आयुष्मान कार्ड परराज्यातही चालते. निदान अशा रीतीने दाराशी आले; उपचार मात्र होता तेथेच राहिला.

2025 च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातल्याच छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याच्या विषारी औषधाने बालकांची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हाही त्यांतील अनेकांना तातडीने नागपुरासच हलवावे लागले. सत्तर वर्षांपूर्वी नकाशावर पुसलेली वाट जमिनीवर कधी पुसलीच गेली नव्हती.

तेव्हा मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी ही वाट दफ्तरी मान्य करावी आणि नागपूरच्या बालहृदयरोगतज्ज्ञांची व बालशल्यविशारदांची ठरलेल्या वारी बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात हजेरी लावून द्यावी. एका वैद्याने पावणेदोनशे किलोमीटर येणे हे पन्नास मातांनी तितकेच जाण्यापेक्षा केव्हाही सोपे आहे.