कॉलेजात गेलेल्या मुलांची पाठराखण



जून उजाडला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामे एकदम अंगावर येतात. एक पऱ्हे टाकण्याचे आणि दुसरे बारावी झालेल्या मुलामुलींना कॉलेजात घालण्याचे. पऱ्ह्यांची काळजी कशी घ्यावी हे तुम्हांला मी सांगायला नको. मुलांच्या बाबतीत मात्र प्रवेशाची पावती हाती आली की आपण सुटलो, असे आपल्याला वाटते. खरे काम तेथून पुढे सुरू होते, आणि त्याविषयीच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

रोवणी झाल्यावर पहिले काही दिवस धान पिवळे दिसते. मूळ तुटलेले असते, नव्या मातीत ते अजून धरलेले नसते. त्या काळात आपण बांधीत पाणी पातळ ठेवतो. बांधी कोरडी पडली तर रोप वाळते, तुडुंब भरली तर बुडून कुजते. शिवाय रोप आपण एकटे लावत नाही, एका चुडात दोन-तीन लावतो. गाव सोडून नागपूर, पुण्याला गेलेल्या पोराचे असेच असते. पहिले चार-सहा महिने तो पिवळा पडतो. त्याला पैसा लागतोच, पण पैशाइतकीच सोबत लागते.

थोरांनी आधी वसतिगृहे काढली

बहुजनांच्या शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला, त्यांना हे पुरते ठाऊक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले, पण शेतकऱ्याच्या पोराला शहरात आधी डोक्यावर छप्पर आणि पंगतीला सोबती हवा, हे त्यांनी तरुणपणीच ओळखले होते.

दूर अमेरिकेतही मूळ रहिवाशांना हाच अनुभव आला. परक्या कॉलेजात मुले टिकत नाहीत हे पाहून नवाहो जमातीने १९६८ साली स्वतःचेच कॉलेज काढले. तेथे इतर विषयांबरोबर नवाहो भाषाही शिकवली जाते.

पैशाच्या सोयी कोणत्या?

आता आपल्याकडच्या सोयी पाहू. गोंड, हलबा आदी अनुसूचित जमातींच्या मुलामुलींसाठी शासनाची आदिवासी वसतिगृहे आहेत. त्यांची माहिती भंडाऱ्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून शिक्षण सोडू नका. अशा मुलांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात जेवण, खोली आणि किरकोळ खर्चाचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. सुरुवातीच्या दराने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये ठरले होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांची मुले व्यावसायिक अभ्यासक्रमाला असतील तर त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे. दर आणि अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षी कार्यालयात विचारून घ्यावे.

अडचण अशी की हे सगळे अर्ज भरण्याचे दिवस आणि रोवणीचे दिवस एकच. बाप चिखलात, माय रोवणीला आणि अर्जाची मुदत टळून जाते. म्हणून कागदपत्रांचे काम उन्हाळ्यातच उरकावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते एवढे तयार हवे. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच करून टाकावा. आजोबाचा जुना शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल असे पेटीत पडलेले कागद त्यासाठीच जपून ठेवा.

खात्यात पैसे आले, पंगत गेली

पण नुसत्या पैशाने भागत नाही, हे विद्यार्थ्यांनीच दाखवून दिले आहे. २०१८ साली शासनाने आदिवासी वसतिगृहांतील जेवण बंद करून त्याचे पैसे मुलांच्या खात्यात टाकण्याचे ठरवले. तेव्हा त्याच वर्षी जुलैत मुलामुलींनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर आले नाहीत तर खायचे काय, हा त्यांचा सरळ सवाल होता. यातली आणखी एक बाजू मला महत्त्वाची वाटते. मेसमध्ये संध्याकाळी कोण जेवायला आला नाही, हे पंगतीत लगेच कळते. कोण आजारी आहे, कोण रडून आला आहे, कुणाचा पेपर बिघडला आहे, हे ताटावर बसल्यावर समजते. पंगत मोडली की मूल आपल्या खोलीत एकटे पडते.

मी कृषी पदवीला होतो तेव्हा वसतिगृहातल्या वरच्या वर्गातील एका मुलाने पहिल्या आठवड्यात मला ग्रंथालय, पोस्ट आणि स्वस्त खानावळ दाखवली होती. काम अर्ध्या तासाचे, पण त्याने माझे वर्षभराचे भय घालवले.

बोलीची लाज नको

आपली मुले बोलायला लागली की वर्गात हसू होते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले की शहरातली पोरे नक्कल करतात. मग मूल हात वर करणे सोडते, शंका विचारणे सोडते आणि हळूहळू वर्गच सोडते. त्याला घरूनच सांगून पाठवा की झाडीबोली ही अशुद्ध मराठी नव्हे. तिची साहित्य संमेलने भरतात, तिच्यात पुस्तके लिहिली जातात. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकायची ती जास्तीची म्हणून, आपली टाकून द्यायची म्हणून नव्हे. गोंडी बोलणाऱ्या घरांना तर हे दुपटीने लागू आहे.

थट्टा छळापर्यंत गेली तर मात्र गप्प बसू नये. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यासाठी देशभर १८००-१८०-५५२२ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट, मुलाला सोडायला आई-बापांपैकी एकाने जावे. गृहपालांना भेटावे, खोली पाहावी, सोबतच्या मुलांची नावे विचारावीत. मुलीच्या बाबतीत हे टाळूच नये.

दुसरी गोष्ट, शक्यतो दोन-तीन मुले एकाच गावाला पाठवा. शेजारच्या गावची असली तरी चालतील.

तिसरी गोष्ट, आठवड्याला एक फोन करा. रोज रोज ‘किती टक्के पडले’ म्हणून विचाराल तर तुडुंब पाण्यात रोप बुडवल्यासारखे होईल. महिनाभर विचारले नाही तर बांधी कोरडी पडेल. ‘जेवला का बाबू, सोबती कोण आहे?’ एवढे विचारले तरी पुरे.

चौथी गोष्ट, पहिल्या परीक्षेत एखादा विषय राहिला तर ‘चल घरी, शेतावर काम कर’ असे म्हणू नका. पहिल्या पिवळेपणावरून कोणी धान उपटून टाकत नाही.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट मंडईची आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार होते आणि बाहेर शिकणारी सगळी मुले घरी आलेली असतात. परत जावे की नाही, हा विचार काही मुले त्याच दिवसांत करीत असतात. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत त्या मुलांना बोलवा. अकरावी-बारावीच्या मुलांनाही बसवा. कोणत्या कॉलेजात काय आहे, वसतिगृह कसे मिळाले, कोणता दाखला अडला, हे मोठ्यांनी लहानांना सांगावे. सगळ्यांची नावे आणि फोन एका वहीत उतरवून ती वही शाळेत ठेवावी. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे या शेतकरीपुत्राने २०१७ साली एकलव्य ही संस्था सुरू केली. तिचे काम याच सूत्रावर चालते. घराण्यात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना आधी शिकलेले मार्ग दाखवतात. आपल्या गावाला त्यासाठी संस्था काढायलाही नको. एक सतरंजी, एक वही आणि एक सकाळ पुरते.

ज्या मुलांनी गावाबाहेर मूळ धरले, त्यांनी दरवर्षी एकदा या सतरंजीवर येऊन बसावे, एवढे वचन मात्र त्यांच्याकडून घ्या. यंदा जाणाऱ्या पोराला पुढच्या वर्षी त्याच्याच गावचा सोबती भेटेल.