क्रियायोग : संसारी साधकाचा आरंभ

पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या पाठभेदाने १९५ किंवा १९६ मानली जाते आणि त्यांपैकी आसनाला वाहिलेली सूत्रे अवघी ३ आहेत. योग या शब्दाने आज जे शरीरसाधन डोळ्यांपुढे येते, त्याला मूळ दर्शनात किती थोडी जागा आहे, हे यावरून ध्यानात यावे. चित्तात सतत उठणाऱ्या वृत्तींचा, म्हणजे ज्ञान, कल्पना, स्मृती इत्यादी तरंगांचा निरोध झाला असता द्रष्टा पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, स्वतःच्या स्वरूपात स्थिर होतो, हा या दर्शनाचा सिद्धान्त होय. मात्र ज्याचे चित्त अजून व्यवहारात गुंतलेले आहे, त्याने आरंभ कोठून करावा, याचे उत्तर दुसऱ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात मिळते. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या तिहींना तेथे क्रियायोग म्हटले आहे.

तप म्हणजे देहदंड, या समजुतीला योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आधार नाही. भूक-तहान, शीत-उष्ण ही द्वंद्वे सोसणे हे तप खरे. परंतु चित्ताची प्रसन्नता ढळणार नाही इतकेच ते करावे, अशी मर्यादा भाष्यकारांनी घातली असल्यामुळे, ज्या उपवासाने घरात चिडचिड वाढते तो तपात धरता येणार नाही. स्वाध्यायात मोक्षशास्त्राच्या अध्ययनाबरोबर प्रणव म्हणजे ॐकार इत्यादी पवित्र मंत्रांचा जपही येतो, आणि त्या अर्थाने वारकऱ्यांचा नित्याचा हरिपाठ हाही स्वाध्यायच ठरतो. सर्व कर्मे परमगुरू ईश्वराला अर्पण करणे, अथवा त्यांच्या फळाचा त्याग करणे, म्हणजे ईश्वरप्रणिधान.

या साधनेने अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश म्हणजे मरणभय, हे ५ क्लेश क्षीण होतात. ते समूळ जळतात ते विवेकख्यातीने, म्हणजे पुरुष आणि चित्तासह सर्व जड सृष्टी, म्हणजे प्रकृती, भिन्न आहेत या अखंड जाणिवेने. थोड्या दिवसांत साक्षात्काराची हमी देणाऱ्यांनी क्लेश क्षीण होणे आणि समूळ जळणे यांतील हा भेद विसरू नये. अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने व्हावा लागतो, असे सूत्रकार सांगतात. किती वर्षे, हे मात्र त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. साधनेतील ९ अंतराय, म्हणजे विघ्ने, त्यांनी गणली आहेत. त्यांतील पहिले व्याधी असून शेवटचे अनवस्थितत्व, म्हणजे लाभलेली भूमिका टिकवता न येणे, हे आहे.