संगणक गृहपाठ तपासतो तेव्हा

२०२० साली करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद होती. त्या वेळी मी अकरावीच्या वर्गाला संगणकावरून एक उदाहरण घातले: ‘एक मीटर लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल किती सेकंद?’ उत्तर येताच संगणक ते तपासून गुण देणार होता. रात्री पाहतो तो काय, निम्म्याहून अधिक वर्गाला शून्य! एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, मग माझं चुकलं कुठं?”

चूक त्याची नव्हती, माझी होती.

आवर्तकालाचे सूत्र तुम्हांला ठाऊकच आहे. लांबीला गुरुत्व त्वरणाने भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि त्याला दोन पायने गुणायचे. गुरुत्व त्वरण ९.८ घेतले की उत्तर येते २.००७ सेकंद. तेच मी संगणकाला दिले होते. पण पायची किंमत ३.१४ घेतली, तर उत्तर २.००६ येते, बावीस सप्तमांश घेतली, तर २.००८. कोणी दोनच दशांश स्थळे ठेवून २.०१ लिहितो. त्वरण १० धरणाऱ्याला १.९९ मिळते. यांतले कोणते उत्तर चूक म्हणाल?

संगणकाला लंबक समजत नाही. तो फक्त दोन संख्यांची तुलना करतो. ‘किती फरक चालेल?’ असा एक रकाना शिक्षकाने भरायचा असतो. तेथे मी शून्य राहू दिले होते!

गंमत अशी, की खुद्द संगणकाची बेरीजही नेहमी तंतोतंत नसते. तो ० आणि १ या दोनच अंकांत हिशेब करतो. आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना ०.३३३… असे ३ संपतच नाहीत. तसाच द्विमान पद्धतीत एक दशांश हा अपूर्णांक संपत नाही. तो कोठेतरी तोडावा लागतो. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पुष्कळ संगणकभाषांत नेमकी ०.३ येत नाही. सतराव्या दशांश स्थळी एक ४ उरतो.

मग फरक किती चालू द्यावा? वर्गमूळ काढायला विसरलात, तर उत्तर ०.६४ येईल. भागाकार उलटा केलात, तर १९.७. म्हणजे खरी चूक फार दूर जाऊन पडते. पायच्या किमतीतला फरक मात्र जवळच राहतो. या दोहोंच्या मधे कुंपण घालायचे. मी दोन टक्के सूट ठेवली. १.९६७ ते २.०४७ पर्यंतची उत्तरे बरोबर ठरली आणि त्या विद्यार्थ्याला त्याचे गुण मिळाले.

तरीही एक उणीव राहिलीच. शेवटच्या पायरीवर चुकलेल्याला मी कागदावर तीनपैकी दोन गुण देतो. नुसते उत्तर मागणारा संगणक त्याला आणि काहीच न लिहिणाऱ्याला सारखेच शून्य देतो. म्हणून संगणकाने शून्य दिले, तर खचून जाऊ नका. रीत कागदावर मांडा आणि शिक्षकांना दाखवा. शिक्षकांनीही ती पाहावी.

आता तुम्ही परीक्षक व्हा. २० मीटर उंचीवरून सोडलेला दगड किती सेकंदांत जमिनीवर पडेल? हवेचा विरोध सोडून द्या. त्वरण ९.८ आणि १० घेऊन उत्तरे काढा, एखादी नेहमीची चूकही करून पाहा, आणि ठरवा: तुम्ही किती टक्के सूट ठेवाल?