चोरीचा मोबाइल पोलिसांना सापडतो कसा?

प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला दोन. *#०६# डायल केले की तो दिसतो, खोक्यावरही छापलेला असतो. परळीच्या महाशिवरात्रीच्या गर्दीत फोन मारला, की चोर आधी सिम फेकतो. आयएमईआय मात्र हँडसेटमध्येच राहतो.

या क्रमांकावर दूरसंचार विभागाचे सीईआयआर पोर्टल चालते. १६ मे २०२३ पासून ते देशभर खुले आहे.

आधी ठाण्यात तक्रार. मग त्याच नंबरचे नवे सिम, कारण ओटीपी त्यावर येतो. नंतर पोर्टलवर तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय भरायचा. फोन सर्व कंपन्यांच्या नेटवर्कवर ब्लॉक होतो. कोणी त्यात दुसरे सिम घातले, की त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. फोन परत मिळाल्यावर तो अनब्लॉक करून घ्यावा लागतो.

बीडला हे विशेष कामाचे. ऊसतोडीला इथली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात; गेवराईत हरवलेला फोन बेळगावकडच्या फडातही वाजू शकतो.

जुना फोन घेताना केवायएम (KYM), मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा; फोन ब्लॉक केलेला आहे का, ते कळते. ब्लॉक केलेला फोन स्वस्तातही महागच.