चामखीळ, कुरूप, गाठ : ब्लेड लावण्यापूर्वी

"डॉक्टर, एवढीशी तर आहे. ब्लेडने उडवून टाका ना!"

दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य कानावर पडते. कोणाच्या पापणीवर चामखीळ असते, कोणाच्या डोक्यावर आवाळू, तर कोणाच्या तळपायाला कुरूप. लग्नसराई जवळ आली की मानेवरचे मस काढून घेणाऱ्यांची रीघ लागते. काम दहा मिनिटांचे, खर्च थोडा, आणि रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो. त्यामुळे कातडीवरची ही छोटी शस्त्रक्रिया सर्वांना सोपी वाटते. ती सोपी आहेही. पण आपण काय कापतो आहोत हे आधी कळले असेल तरच.

आधी ओळख पटवा

तळपायाचे कुरूप आणि चामखीळ दिसायला सारखेच. कुरूप सरळ दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. वरची जाड कातडी हलक्या हाताने तासली की कुरुपाच्या मध्यभागी काचेसारखा कठीण गाभा दिसतो. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि त्यांतून रक्ताचे थेंब येतात. कुरूप चुकीच्या चपलेने होते, चामखीळ विषाणूने. चप्पल न बदलता नुसते कुरूप कापले तर ते पुन्हा येणारच.

चरबीची गाठ मऊ असते, बोटाखाली सरकते आणि बहुधा दुखत नाही. ती वाढत नसेल तर तशीच राहू दिली तरी चालते. आवाळूवर बहुतेक वेळा एक बारीक काळे छिद्र असते. ते नुसते पिळून काढले तर पिशवी आत राहते आणि सहा महिन्यांत गाठ पुन्हा तयार होते. पिशवीसकट काढावे लागते. त्यात पू झाला असेल तर आधी पू काढून सूज उतरवायची, पिशवी नंतर.

माझी एक चूक

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन लावणीच्या दिवसांत एक आजी लंगडत दवाखान्यात आल्या. सारा जन्म भाताच्या खाचरात अनवाणी गेलेला. टाचेवर जाड, काळपट डाग होता. "डाक्टर, काटा मोडला व्हता, त्याचं कुरूप झालंय. तेवढं खरवडून द्या," त्या म्हणाल्या.

मलाही ते पटले. काट्याने आत रक्त साकळले असेल, म्हणून काळे दिसते, असे मी धरून चाललो. बाहेर वीस पेशंट बसले होते. मी डाग तासला, पट्टी बांधली, पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितले. तासलेली कातडी बादलीत गेली.

आजी आल्या त्या दिवाळीनंतर, झोडणी आटोपल्यावर. डाग रुपयाएवढा झाला होता, मधोमध जखम होती आणि जांघेत गाठ आली होती. "अवधान आलंय," मुलगा म्हणाला. या वेळी मात्र तुकडा तपासणीला पाठवला. उत्तर आले मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. पुढची लावणी आजींनी पाहिली. त्यापुढची नाही.

पहिल्याच भेटीत निदान झाले असते तर त्या वाचल्या असत्या का, हे सांगता येत नाही. पण ते चार-पाच महिने त्यांना परत मिळाले नाहीत, आणि त्याला माझी घाई कारण होती.

गोऱ्या लोकांत हा रोग बहुतेक वेळा उन्हाने भाजणाऱ्या कातडीवर होतो. आपल्याकडे तो एकंदरीत कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथेच. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

या रोगात सगळा हिशेब खोलीचा. अमेरिकेतील डॉ. ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले की, गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर रुग्णाचे भवितव्य ठरते. एक मिलिमीटरच्या आत असताना ती पूर्ण काढली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणूनच असा डाग तासू नये, जाळूही नये. खोली मोजण्याची सोयच त्यामुळे नाहीशी होते.

हे घरी करू नका

चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, चुना-सोडा लावणे, जत्रेतल्या माणसाकडून तीळ जाळून घेणे हे प्रकार अजून चालतात. चुना-सोड्याने कातडी जळते, डाग खोल पडतो आणि खाली काय होते ते कधीच कळत नाही. मधुमेह्याच्या पायाला तर घरचे ब्लेड आणि कुरुपावरची औषधी पट्टी दोन्ही वर्ज्य. बधिर पायाला जखम कळत नाही आणि पुढे बोट गमवावे लागते.

कापायचेच असेल तर

डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा : मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, पूर्वी भुलेच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, आणि जुन्या जखमेचे व्रण फुगलेले आहेत का. छातीचा मध्य, खांदा आणि कानाची पाळी येथे व्रण फुगण्याचा धोका जास्त. तिथली निरुपद्रवी गाठ केवळ शोभेसाठी काढू नये.

छेद कातडीच्या नैसर्गिक सुरकुत्यांच्या दिशेने, होडीच्या आकाराचा आणि रुंदीच्या सुमारे तिप्पट लांब घेतात. मग टाके ताणाविना बसतात. चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत, हातापायांचे व पाठीचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. लवकर काढले तर जखम उकलते, उशीर केला तर टाक्यांच्या खुणा राहतात.

मानेच्या बाजूची गाठ मी स्वतः कधीच कापत नाही. आपल्याकडे ती बऱ्याचदा क्षयाची असते. शिवाय तिथून खांद्याकडे जाणारी नस दुखावली तर हात वर उचलत नाही. कानापुढच्या गाठीचेही तसेच. तिथे चेहऱ्याची नस असते. अशी गाठ सर्जनकडेच जावी.

तुकडा फेकू नका

आजींच्या प्रसंगापासून मी एक नियम केला. निदानाबद्दल तिळमात्र शंका असली तरी कापलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो, बाटलीवर नाव, तारीख आणि जागा लिहिली जाते, आणि ती तपासणीला जाते. नातेवाईक खर्चाची कुरकुर करतात. बहुतेक वेळा उत्तर 'साधी गाठ' असेच येते, आणि मग ते म्हणतात, पैसे वाया गेले. मी म्हणतो, वाया गेले हेच चांगले झाले. वाचकहो, तुमची गाठ काढली तर "तुकडा तपासायला पाठवणार ना?" एवढे जरूर विचारा. कोणताही डॉक्टर रागावणार नाही.

कधी यावे?

काळा डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग दिसत असतील, तर लगेच या. नखाखालचा काळा पट्टा मागच्या कातडीवर उतरला तर थांबू नका. चेंगरल्याने आलेला काळेपणा नखाबरोबर पुढे सरकतो. सरकत नसेल तर दाखवा. महिनाभरात न भरणारी जखम, भाजल्याच्या जुन्या व्रणावर उमटलेला फोड आणि कमरेला नाडी काचून झालेली न बरी होणारी जखम हेही दुर्लक्षू नये. घट्ट धोतराने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ सालीच केली होती.

आणि महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे उजेडात पाहा. त्यांना वाकून दिसत नाही. काही काळे दिसले तर शेजारी एक नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. काटा मोडला होता असे त्या म्हणाल्या, तरीही.