पाच ते सहा

सकाळी ६. आधी बाबांची झटक्यांची गोळी, लेव्हेटिरासिटॅम. पुढची संध्याकाळी ६ ला. मग उलटीची गोळी आणि अर्ध्या तासाने टेमोझोलोमाइडची कॅप्सूल, उपाशीपोटी, अख्खी गिळायची. तोवर आई डब्यात थालीपिठं भरते.

७. नोएडाच्या बोटॅनिकल गार्डनहून मॅजेन्टा लाइन, हौज खासला बदलून येलो लाइनने एम्स. बाबांचा उजवा पाय जड पडतो, म्हणून लिफ्टनेच.

८:३०. रेडिएशन. ग्लायोब्लास्टोमाला, म्हणजे बाबांच्या मेंदूतल्या गाठीला, साधारण ६० ग्रे देतात, ३० भागांत. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून बाबांच्या चेहऱ्याचा साचा घेतलाय. तो मुखवटा टेबलाला पक्का बसवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. बाहेर येतात तेव्हा कपाळावर जाळी उमटलेली असते. मेट्रोत लोक बघतात. बाबा तरी टोपी घालत नाहीत, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

९:३०. थालीपीठ, त्यावर डेक्सामेथासोन. मेंदूची सूज उतरवते, पण झोप उडवते, म्हणून सकाळीच.

एमआरआय गाठीबद्दल सांगतो. माणसाचे दिवस कसे जाताहेत, हे विचारावंच लागतं. त्यासाठी युरोपातल्या ईओआरटीसी संस्थेची बीएन-२० ही वीस प्रश्नांची यादी आहे: डोकेदुखी, झटके, नजर, बोलताना अडणं, लघवीवरचा ताबा, पुढची धास्ती. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तिचं हिंदी रूप रुग्णांवर तपासून पाहिलंय. ही विचारपूस प्रत्येक भेटीत व्हायला हवी, आणि सोबत आलेल्या माणसाचीही.

दुपार. बाबा झोपतात, मी लॅपटॉप उघडते.

संध्याकाळी ५. या तासाला मी ऑफिसची मीटिंग घेत नाही. बाबा ताजेतवाने असतात आणि चहा तेच करतात. आलं डाव्या हाताने किसतात. किसणी आई धरते. मग हात पुढे करून म्हणतात, “ते दे... ते...” गाळणी समोरच असते. आईच्या ओठांवर शब्द आलेला असतो, तरी ती थांबते. “गा... गाळणी,” बाबा म्हणतात. कधी शब्द येत नाही. मग ते बोट दाखवतात आणि चहा गाळला जातो.

६. गोळी.

रात्री ९. उद्या डॉक्टरांना विचारायचं ते वहीत लिहिते: डेक्साचा डोस उतरवता येईल का? आपल्या मनाने ही गोळी एकदम बंद करायची नसते. खाली बाबांनी स्वतः, वाकड्या अक्षरांत, लिहिलंय: सकाळी फिरायला एकटा जाऊ का?